रक्तातील लोह आणि मैदानावरचा दम

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मराठवाड्यातील तालुक्या-तालुक्याच्या गावी पहाटेची मैदाने गजबजू लागतात. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कोणतेही गाव घ्या, उजाडण्यापूर्वीच मुले-मुली धावायला उतरलेली असतात. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि सेकंदा-सेकंदावर गुण ठरतात. या तयारीत एक गोष्ट वारंवार आढळते. दोन-तीन महिने नेटाने सराव करूनही एखाद्या मुलीची वेळ सुधारत नाही, धाप लवकर लागते, पाय जड होतात. कुणीतरी रक्त तपासायला सांगते. अहवालात हिमोग्लोबिन कमी निघते. मग औषधाच्या दुकानातून टॉनिकची बाटली आणि 'मल्टिमिनरल' गोळ्यांचे पाकीट घरी येते. महिन्याने पुन्हा तपासणी होते, आकडा जिथल्या तिथे असतो आणि 'हिला गोळ्या लागूच पडत नाहीत' असा निष्कर्ष काढून सगळे मोकळे होतात.

वास्तविक या एका आकड्यामागे किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. व्यायामामुळे रक्त पातळ झालेले असू शकते. शरीरातील लोहाचा साठा खरोखरच संपलेला असू शकतो. किंवा गोळी पोटात जात असूनही लोह रक्तात पोहोचत नसेल. तिन्हींचे उपाय निराळे आहेत. म्हणूनच व्यायाम आणि खनिजांची पूरके रक्तावर नेमका काय परिणाम करतात, हे समजून घेणे केवळ खेळाडूंच्याच नव्हे, तर अंगमेहनत करणाऱ्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

लोहाचा जमाखर्च

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. स्त्रियांमध्ये त्याहून काहीसे कमी. त्यातील तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन असते आणि फुप्फुसातला प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचवण्याचे काम तेच करते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. धावताना ज्याला आपण 'दम' म्हणतो, तो बऱ्याच अंशी या वाहतुकीवर अवलंबून असतो. स्नायूंमधील मायोग्लोबिनला आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीच्या विकरांनाही लोह लागते. त्यामुळे हिमोग्लोबिन अजून घसरलेले नसतानाही लोहाची चणचण स्नायूंना जाणवू शकते.

संपूर्ण शरीरात मिळून लोह असते अवघे तीन ते चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याइतके. पण शरीर हे लोह कमालीच्या काटकसरीने वापरते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती म्हातारी झाली की प्लीहा आणि यकृतातील पेशी तिचे विघटन करतात आणि त्यातील लोह अस्थिमज्जेकडे परत पाठवतात. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोहाची अशी फेरउपयोगाची उलाढाल चालते. अन्नातून मात्र रोज एक ते दोन मिलिग्रॅमच आत घेतले जाते. जादा लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र यंत्रणा शरीरापाशी नाही. त्यामुळे किती आत घ्यायचे, यावरच सारे नियंत्रण असते.

हा जमाखर्च बिघडतो तो गळतीमुळे. एक मिलिलिटर रक्तात ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम लोह असते. मासिक पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. ज्यांना अतिस्राव होतो, त्यांचे नुकसान याच्या दुपटीहूनही अधिक असते. आतड्यातील अंकुशकृमी रक्त शोषतात, आणि अनवाणी शेतात वावरणाऱ्यांना त्यांचा धोका अधिक. बाळंतपणे लागोपाठ झाली तर साठा भरून येण्यास उसंतच मिळत नाही. जमेची बाजू तोकडी आणि खर्चाची मोठी, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली की आधी साठा संपतो, मग रक्तनिर्मितीला लोह अपुरे पडू लागते आणि अगदी शेवटी हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. म्हणजेच अहवालातील कमी हिमोग्लोबिन ही लोहाच्या अभावाची पहिली नव्हे, तर अखेरची पायरी होय.

राज्याचे चित्र काय सांगते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील बालकांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. या सर्वेक्षणात बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि त्या पद्धतीत आकडा कमी येण्याची शक्यता असते, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे. शिरेतून रक्त घेऊन २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी सर्वंकष पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के आणि मुलांपैकी १८ टक्के रक्तक्षयी आढळले. आकड्यांचा वाद बाजूला ठेवला, तरी दहा मुलींमागे चार हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

व्यायामाने रक्त 'पातळ' का होते?

प्रयोगशाळेचा अहवाल शरीरात एकूण हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ते किती आहे, एवढेच सांगतो. हा फरक व्यायाम करणाऱ्यांच्या बाबतीत कळीचा ठरतो.

जोराचा व्यायाम सुरू असताना घाम जातो, रक्तातील पाण्याचा अंश आजूबाजूच्या ऊतींमध्ये शिरतो आणि रक्त तात्पुरते घट्ट होते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत मात्र शरीर नेमके उलट वागते. ते पाणी आणि क्षार धरून ठेवते, रक्तातील प्रथिने वाढवते आणि रक्तद्रवाचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढते. नियमित धावणाऱ्यांमध्ये ही वाढ १० ते २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वाढलेल्या रक्तद्रवामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलले जाते आणि शरीर थंड राखणेही सोपे होते. तांबड्या पेशींची संख्याही व्यायामाने वाढते. पण त्या तयार होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. या मधल्या काळात रक्तात पेशी पूर्वीइतक्याच, किंबहुना थोड्या अधिक असतात, पण पाणी त्याहून जास्त वाढलेले असते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका मुलीच्या शरीरात चार लिटर रक्त आहे आणि हिमोग्लोबिन १२.५ आहे. म्हणजे तिच्याजवळ एकूण ५०० ग्रॅम हिमोग्लोबिन झाले. तीन महिन्यांच्या सरावानंतर रक्ताचे आकारमान ४.४ लिटर झाले आणि एकूण हिमोग्लोबिन ५२० ग्रॅम. आता तिची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढली आहे. पण अहवालात आकडा येईल ११.८! जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. कागदावर ही मुलगी आजारी ठरते, प्रत्यक्षात ती पूर्वीपेक्षा तंदुरुस्त असते. क्रीडावैद्यकात याला 'खेळाडूंचा आभासी रक्तक्षय' म्हणतात. त्याला औषधाची गरज नसते.

अर्थात, यातला धोका उघड आहे. 'धावणाऱ्यांचे हिमोग्लोबिन कमी असतेच' असे म्हणून खऱ्या रक्तक्षयाकडे काणाडोळा होऊ शकतो. दोन्हींतला फरक ओळखण्याची सोपी खूण अशी की, आभासी रक्तक्षयात धावण्याची वेळ सुधारत जाते, धाप कमी होते. वेळ खालावत असेल, जिना चढतानाही छातीत धडधडत असेल, माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होत असेल, तर तो आभास नव्हे. खात्रीसाठी फेरिटिनची तपासणी करावी लागते. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन असून त्याच्या रक्तातील प्रमाणावरून साठ्याचा अंदाज येतो. निरोगी प्रौढात ते लिटरमागे १५ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर लोहाचा साठा संपला, असे मानले जाते. ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असताना मात्र फेरिटिन वाढते आणि रिकामे कोठारही भरलेले भासते. म्हणून आजारपणात किंवा कठोर सरावाच्या दुसऱ्याच दिवशी ही तपासणी करू नये.

टाचेचा आघात आणि यकृताचा द्वारपाल

व्यायामाने रक्तद्रव वाढतो, ही झाली फायद्याची बाजू. पण व्यायाम लोह खर्चही करतो. त्याच्या वाटा अनेक आहेत. १८८१ मध्ये एका जर्मन डॉक्टरने लांब संचलनानंतर सैनिकाची लघवी गडद रंगाची झाल्याचे नोंदवले होते. कठीण जमिनीवर पाय आपटताना तळव्यातील केशवाहिन्यांमधून जाणाऱ्या काही तांबड्या पेशी फुटतात आणि त्यातील हिमोग्लोबिन लघवीवाटे जाऊ शकते, हे पुढे स्पष्ट झाले. तळ झिजलेले बूट घालून डांबरी रस्त्यावर धावणाऱ्यांना हा त्रास अधिक. बहुतेकांच्या बाबतीत नुकसान अल्प असते, कारण रक्तातील हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन सुटे झालेले हिमोग्लोबिन पकडून परत नेते. घामावाटेही थोडे लोह जाते. दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते आणि आतड्याच्या अस्तरातून सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो.

परंतु गेल्या दोन दशकांत ज्या शोधाने या विषयाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, तो म्हणजे हेप्सिडिन. यकृतात तयार होणारे हे छोटेसे संप्रेरक २००० च्या सुमारास उजेडात आले. त्याचे काम द्वारपालाचे. आतड्याच्या पेशींतून लोह रक्तात सोडणारे दार हेप्सिडिन बंद करते. शरीरात लोह पुरेसे असले की हेप्सिडिन वाढते. कमी असले की घटते आणि दार उघडे राहते. मात्र सूज आणि संसर्गातही ते वाढते. रक्तातील लोह जंतूंच्या हाती लागू नये, अशी ही निसर्गाची योजना असावी.

कठोर व्यायाम म्हणजे शरीराच्या दृष्टीने एक छोटीशी सूजच. त्यानंतर तीन ते सहा तासांनी हेप्सिडिनची पातळी वाढते आणि त्या काळात घेतलेले लोह बरेचसे वाया जाते. पहाटे सहाला सराव संपवून दुपारी बाराला गोळी घेणाऱ्या मुलीची गोळी नेमकी दार बंद असताना पोहोचते. याउलट सकाळच्या सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत, दार लागण्यापूर्वी, घेतलेले लोह अधिक शोषले जाते, असे धावपटूंवरील अभ्यासात दिसले आहे. ज्यांचा साठा पूर्ण रिता आहे, त्यांच्यात हेप्सिडिनची ही उसळी क्षीण असते. गरज मोठी असली की द्वारपालही थोडा सैल होतो.

गोळी रोज की एक दिवसाआड?

'जास्त घेतले की जास्त लागू पडते' हा समजही हेप्सिडिनने खोटा ठरवला. ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी घेतली की सुमारे २४ तास हेप्सिडिन वाढलेले राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतील लोह कमी शोषले जाते. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लोहसाठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांनी रोज गोळी घेतली तेव्हा तीतले १६.३ टक्के लोह शोषले गेले. एक दिवसाआड घेतली तेव्हा २१.८ टक्के. मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता या तक्रारींमुळे अनेकजणी गोळ्या अर्ध्यावर सोडतात. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक दिवसाआड गोळी हा उत्तम पर्याय ठरू शकतो.

शासकीय कार्यक्रमातील आठवड्याच्या गोळीकडेही या प्रकाशात पाहायला हवे. भारतात रक्तक्षय प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. २०१८ मध्ये 'अॅनिमियामुक्त भारत' या नावाने त्याला नवे रूप मिळाले. त्यानुसार शाळेतील किशोरवयीन मुला-मुलींना दर आठवड्याला ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली निळी गोळी दिली जाते. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी ४५ मिलिग्रॅमची गुलाबी गोळी आहे, तर गरोदर स्त्रियांसाठी १८० दिवस रोज घ्यायची लाल गोळी. जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक दिले जाते. आठवड्याची निळी गोळी ही प्रतिबंधक मात्रा आहे. जिचे हिमोग्लोबिन आधीच नऊवर आले आहे, तिला तेवढ्याने पुरणार नाही, तिला उपचाराची मात्रा लागते. उलट गरोदरपणातील रोजची गोळी ही वाढलेली गरज लक्षात घेऊन ठरवलेली आहे; वर सांगितलेला अभ्यास वाचून ती स्वतःच्या मनाने एक दिवसाआड करू नये.

गोळी लागू पडते आहे हे कसे ओळखावे? पहिल्या आठवडा-दहा दिवसांत अस्थिमज्जेतून नव्या पेशी बाहेर पडू लागतात. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने तरी वाढायला हवे. ते पूर्ववत झाले म्हणून गोळी थांबवणे ही सर्वांत मोठी चूक. कोठार भरण्यासाठी त्यानंतरही सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. शौचाला काळे होणे हा गोळीचा स्वाभाविक परिणाम आहे, त्याला भिऊ नये.

चहा, कॅल्शियम आणि जस्त

आपल्याकडे गोळी बहुधा चहासोबत किंवा दुधासोबत घेतली जाते आणि तिथेच घात होतो. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. दुधातील आणि गोळीतील कॅल्शियम त्याच्या शोषणात अडथळा आणते. म्हणूनच लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवण्यास सांगितले जाते. याउलट क जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते. लिंबू पिळलेले पाणी, आवळा, पेरू हे गोळीचे खरे सोबती होत.

सगळी खनिजे एकाच गोळीत देणाऱ्या महागड्या पाकिटांबाबतही सावध असावे. लोह, जस्त आणि कॅल्शियम मोठ्या मात्रेत एकत्र आले की ते एकमेकांच्या शोषणाआड येतात. जस्त महिनोन्महिने मोठ्या मात्रेत घेतले तर शरीरातील तांबे कमी होते आणि तांब्याच्या अभावी लोहाची ने-आण थंडावून रक्तक्षयच उद्भवतो. म्हणजे रक्त वाढावे म्हणून घेतलेले पूरक रक्त कमी करते. व्यायामशाळेत मिळणाऱ्या भुकट्या-गोळ्यांच्या बाबतीत 'नैसर्गिक आहे, नुकसान काय होणार' हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के जणांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले होते. या जीवनसत्त्वाच्या किंवा फॉलिक आम्लाच्या अभावी पेशी मोठ्या आणि अपरिपक्व राहतात; लोह कितीही दिले तरी गुण येत नाही. थॅलेसेमियाचा वाहक असलेल्या व्यक्तीच्या पेशी लहान दिसतात म्हणून तिला वर्षानुवर्षे लोह देत राहिल्यास ते शरीरात साचून अपाय करू शकते. पुरुषाचे लोह कमी निघाले, तर मूळव्याध, अल्सर, आतड्याचे विकार अशी रक्तस्रावाची कारणे आधी शोधायला हवीत.

परभणीची ज्वारी काय सांगते?

गोळी ही दुरुस्ती झाली. रोजची भर मात्र ताटातूनच पडते. आणि या बाबतीत परभणीचे नाव अभिमानाने घ्यावे असे काम येथे झाले आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, हैदराबादजवळील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण विकसित केला. २०१८ मध्ये प्रसारित झालेला हा देशातील पहिला जैवसंपृक्त ज्वारीचा वाण. जैवसंपृक्त म्हणजे पिठात बाहेरून काही न मिसळता, निवड आणि संकराच्या मार्गाने दाण्यातच पोषकद्रव्य वाढवलेला. आपल्याकडील ज्वारीत किलोमागे सरासरी ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. 'परभणी शक्ती'त ते अनुक्रमे ४५ आणि ३२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे. प्रथिने सुमारे १२ टक्के आहेत, आणि लोहाला अडकवून ठेवणारे फायटेट तुलनेने कमी. याच विद्यापीठाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील केंद्राने बाजरीचेही लोहसमृद्ध संकरित वाण दिले आहेत.

याचा ताटातला अर्थ काय? दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाणाऱ्या मजूर स्त्रीला साध्या ज्वारीतून नऊ मिलिग्रॅम लोह मिळेल, 'परभणी शक्ती'तून साडेतेरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेली प्रौढ स्त्रीची दैनंदिन गरज २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे केवळ भाकरीने गरज भागणार नाही. पण पदार्थ न बदलता, खर्च न वाढवता, तुटीतला मोठा वाटा भरून निघतो. सोबत हरभऱ्याची भाजी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, तीळ, जे खातात त्यांच्यासाठी मांस-मासळी, आणि वरून लिंबाची फोड असेल, तर शोषणही वाढते. मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटेट घटते. ज्वारीची आंबील हा नुसता उन्हाळ्याचा थंडावा नाही, तर लोह मोकळे करण्याची जुनी युक्तीही आहे.

भाकरीतून मिळणारे लोह खरोखर रक्तापर्यंत पोहोचते का, याची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय सहकाऱ्यांसह १२ ते १६ वयाच्या २४६ ग्रामीण शाळकरी मुलांना सहा महिने बाजरीची भाकरी दिली. निम्म्यांना लोहसमृद्ध बाजरीची, निम्म्यांना साध्या बाजरीची. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांची कमतरता दूर होण्याची शक्यता इतरांच्या १.६४ पट होती. सुधारणा दिसली ती प्रामुख्याने फेरिटिनमध्ये, म्हणजे साठ्यात. पुढे याच मुलांच्या हालचालींच्या नोंदी तपासल्या असता, लोहसमृद्ध भाकरी खाणारी मुले कमी वेळ बसून राहत आणि अधिक हालचाल करत, असे दिसून आले. लोह वाढल्याची पहिली खबर प्रयोगशाळेच्या हिमोग्लोबिनने नव्हे, मुलांच्या पायांनी दिली, असे म्हणता येईल.

कॉर्नेलच्याच संशोधकांनी पूर्वी केलेल्या प्रयोगात, रक्तक्षय नसलेल्या पण साठा कमी असलेल्या तरुणींना लोह आणि व्यायाम दोन्ही दिले, तेव्हा १५ किलोमीटर सायकल चालवण्याची त्यांची वेळ नुसता व्यायाम करणाऱ्या तरुणींपेक्षा अधिक सुधारली. लोहाविना व्यायामाचे पुरते चीज होत नाही, हा त्याचा अर्थ.

कष्टाचे शरीर हेही खेळाडूचेच

व्यायाम म्हटले की डोळ्यांसमोर मैदान येते. पण कापूस वेचणारी, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रॉलीत चढवणारी, सोयाबीन काढणारी स्त्री दिवसभरात जेवढे श्रम करते, ते कोणत्याही खेळाडूच्या सरावापेक्षा कमी नाहीत. दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या मराठवाड्यातील कुटुंबांतील स्त्रियांचे घाम गाळणारे काम, पाळीतील रक्तस्राव, एकापाठोपाठची बाळंतपणे आणि डाळ-भाजीविना भाकरी यांची बेरीज केली, तर तो खेळाडूचाच जमाखर्च आहे; फक्त त्यात प्रशिक्षक नाही, आहार नाही आणि विश्रांतीही नाही. इंडोनेशियातील रबराच्या मळ्यांत १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात रक्तक्षयी मजुरांचे काम इतरांपेक्षा कमी भरत होते. दोन महिने लोह दिल्यावर ते बरोबरीला आले. रोजंदारीवर जगणाऱ्यांसाठी लोह म्हणजे हातात पडणारी मजुरी आहे. आणि स्थलांतरात नेमकी शाळेतील निळी गोळी आणि गावातील आशाताई, दोन्हींचा हात सुटतो, ही सर्वांत चिंतेची बाब होय.

एवढे जरूर पाळावे

सराव सुरू करण्यापूर्वीच एकदा हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास फेरिटिन तपासून घ्यावे, म्हणजे पुढचा आकडा कशाशी ताडायचा हे कळेल. तपासणीच्या आदल्या दिवशी कठोर सराव टाळावा आणि पाणी पुरेसे प्यावे. लोहाची गोळी सकाळच्या सरावानंतर लगेच, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा-दूध तास-दोन तासांनी. पोटाला त्रास झाला तर गोळी सोडून न देता आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारून वेळ किंवा मात्रा बदलावी. महिन्याभरात आकडा हललाच नाही, तर मात्रा दुप्पट करण्याऐवजी कारण शोधावे. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय पुरुषांनी लोहाची गोळी घेऊ नये. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. मोठ्यांच्या मूठभर गोळ्या लहानग्यांसाठी विषासमान ठरतात.

रक्तक्षयाच्या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात, ज्वारी आपल्या मातीत पिकते आणि लिंबू परसातले असते. हे सर्व हाताशी असताना महागड्या बाटल्यांमागे धावण्याचे कारण नाही. कमी पडते ती माहिती. ती प्रत्येक शाळेत, प्रत्येक सरावाच्या मैदानावर आणि ऊसतोडीच्या प्रत्येक फडावर पोहोचली, तर मराठवाड्यातील लेकींची पावले हलकी होण्यास फार काळ लागणार नाही.